कारणाचा रकाना

समजा, तुमच्या हातात एक लांब नळी आहे. नळीच्या टोकाला तोटी आणि तोटीतून पांढरट पाण्याचा पंखा सुटतोय. समोर शेणामातीनं सारवलेली भिंत. तोटी भिंतीपासून बरोबर एक हात लांब धरायची. जवळ गेलात तर पाणी ओघळतं आणि औषध जमिनीत जातं. लांब राहिलात तर निम्मं हवेत उडतं आणि तुमच्याच नाकात येतं. वरून खाली एक पट्टा ओढायचा, बाजूला सरकायचं आणि खालून वर दुसरा. मध्ये हात थांबवायचा नाही. मागं तुमचा जोडीदार बादलीत उभा केलेला पंप मारतोय. त्याची लय चुकली की तुमचा पट्टा तुटतो. घरात अंधार, डोळे चुरचुरताहेत, आणि दारात घरधनीण उभी आहे. तिचा सगळा संसार, उतरंडीपासून देवांपर्यंत, अंगणात काढून ठेवलाय. आणि असंही समजा की ही घरधनीण तुमच्या चुलत बहिणीची सासू आहे.

आता तुमच्या हातून एक पट्टा सुटला. वीतभर जागा कोरडी राहिली. मोठं काही नाही, दोन मिनिटांत भरून निघेल. पण वरचे साहेब तुम्हाला अंगणात बोलावतात, घरातल्या सगळ्यांना समोर उभं करतात आणि म्हणतात, "सांग यांना, तुझं काय चुकलं ते."

तुम्ही दुसऱ्या दिवशी कामावर याल?

एका वर्षात कोंडाजीच्या टोळीतली अकरा माणसं अशी आली नाहीत.

कोंडाजी मुळशी तालुक्यातल्या भरे गावचा. घरची भातखाचरं होती, पण तीन भावांत मिळून. मराठी सहावीपर्यंत शिकलेला, अक्षर वळणदार. एकोणीसशे छप्पन साली मुळशीत हिवतापाची फवारणी सुरू झाली, तेव्हा लिहिता-वाचता येतं म्हणून त्याला टोळीचा नाईक केलं. नाइकाच्या हाताखाली पाच माणसं. दोन पंप, प्रत्येक पंपाला दोघं, आणि पाचवा भुकटी पाण्यात कालवणारा. नाइकानं घरं मोजायची, हजेरीपट भरायचा, दारावर तारखेचा शिक्का मारायचा. वर्षातून दोन फेऱ्या. एक पावसाच्या आधी, दुसरी भातलावणी उरकल्यावर.

माणसं कोंडाजीनंच गोळा केली होती. हे काम सोपं नव्हतं. सरकारी काम म्हटल्यावर लोक येतील असं साहेबलोकांना वाटत होतं, पण घरोघर फिरून विष मारायचं म्हटल्यावर आयाबाया घाबरल्या. कोंडाजी एकेकाच्या घरी जाऊन बसला. भूगावच्या भैरूच्या आईनं विचारलं, "औषीद म्हंतोस, पर त्ये ईखच न्हवं का?" कोंडाजी म्हणाला, "डासाला ईख, मावशे. माणसाला न्हाई. भैरूला काय झालं तर माझ्या दारात येऊन बस." असा शब्द त्यानं चार घरांत दिला. भैरू आला. पौडच्या बाजारातला नसीर आला. त्याच्या भावाचं बांगड्यांचं दुकान होतं, आणि दुकानात बसून बायकांशी घासाघीस करायचा त्याला कंटाळा आला होता. भऱ्यातलेच एका घरचे दोघं भाऊ आले. भुकटी कालवायला गेणबा आला. तो वयानं सगळ्यांत मोठा. त्याचा हात मापाला असा पक्का की काट्यावर तोललं तरी फरक पडू नये.

पहिल्या वर्षी वरचे साहेब होते वाल्मीकराव. जुन्नरकडचे, अंगानं किरकोळ, कायम काखेत छत्री. त्यांची एक सवय होती. घरात शिरताना चपला बाहेर काढायचे आणि म्हातारी कोण आहे ते विचारून तिला आधी नमस्कार करायचे. घरातले देव तिनंच हलवायचे, ती हलवेपर्यंत टोळीनं ओसरीवर थांबायचं. कुणाचा पट्टा सुटला तर वाल्मीकराव त्याच्या मागं जाऊन उभे राहायचे आणि कानाशी म्हणायचे, "उजव्या कोपऱ्यात जरा बघता का?" एवढं बोलून बाहेर निघून जायचे. दुरुस्त केलं की नाही ते बघायलाही थांबायचे नाहीत. एकदा भऱ्याच्या भावांतला धाकटा तापानं पडला, तर दिवसभर पंप त्यांनीच मारला. संध्याकाळी त्यांच्या हाताला फोड आले. नसीर म्हणाला, "साहेब, आता तुमी आमच्यात आलात. उद्यापासनं छत्री आमी धरतो."

त्या वर्षी एकही माणूस सोडून गेला नाही. कोंडाजीला त्याचं नवल वाटलं नाही. त्याला वाटायचं, माणसं टिकली ती आपण आणली म्हणून. आपल्या शब्दावर आली, आपल्या शब्दावर राहिली. बायकोला, रत्नाबाईला, त्यानं तसं बोलूनही दाखवलं होतं. ती म्हणाली होती, "असंल. तुमच्या शब्दाला आमच्या घरात भाव न्हाई, भाईर असंल."

दुसऱ्या वर्षी वाल्मीकरावांची बदली झाली आणि जयसिंगराव आले.

जयसिंगरावांना कुणी वाईट माणूस म्हटलं असतं तर कोंडाजीनं त्या वर्षी भांडण केलं असतं. ते लाच घेत नव्हते. कुणाच्या घरी फुकट जेवत नव्हते. काम त्यांना वाल्मीकरावांपेक्षा जास्त येत होतं. तोटीचं भोक किती झिजलं की बदलायची, भुकटी तळाला किती वेळात बसते, मातीच्या भिंतीला आणि कुडाला औषध वेगळं का लागतं, हे सगळं त्यांनी टोळीला समोर बसवून समजावलं. कोंडाजीला ते ऐकताना आनंद झाला होता. त्याला पहिल्यांदाच कळलं की आपण नुसतं पाणी मारत नाही, त्यामागं हिशेब आहे. साहेबांजवळ एक हात लांबीची काठी होती. ती ते तोटी आणि भिंत यांच्यामध्ये धरायचे. वाळल्यावर भिंतीवरून बोट फिरवायचे आणि बोट उजेडात धरून सांगायचे, इथं पातळ झालंय. कधी चुकले नाहीत.

त्यांचं एक तत्त्व होतं. ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "घर लोकांचं आहे. औषध त्यांच्यासाठी आहे. चूक झाली तर ती त्यांना कळली पाहिजे. ज्याची चूक, त्यानं घरमालकासमोर तोंडानं सांगायची. लपवाछपवी नको."

ऐकायला ते बरोबर वाटलं. गेणबा तेवढा म्हणाला, "साहेब, हितं घरमालक म्हंजी कुनीतरी पावनाच असतोय."

"मग तर आणखी चांगलं," जयसिंगराव म्हणाले. "आपल्या माणसाला फसवायला नको."

पहिला नंबर नसीरचा लागला, तोही पौडातच. तोटीत कचरा अडकला म्हणून त्यानं ती तोंडाला लावून फुंकली. चूकच होती, विष होतं ते. जयसिंगरावांनी त्याला अंगणात बोलावलं. घर एका किराणा व्यापाऱ्याचं. समोर त्याची माणसं आणि शेजारचे दोन दुकानदार, सगळे नसीरला लहानपणापासून ओळखणारे.

"सांग यांना, तोटी तोंडानं का फुंकायची नाही?"

"बासरी वाजतीया का बघत व्हतो, साहेब. सूर लागला न्हाई."

लोक हसले. जयसिंगराव हसले नाहीत. "पुन्हा सांग. नीट."

"ईख असतंय म्हनून."

"मग का फुंकलीस?"

"चुकलं."

"काय चुकलं ते सगळं एका वाक्यात सांग."

तीन वेळा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी कुणी हसत नव्हतं आणि ते जास्त वाईट होतं. नसीर त्यानंतर चार दिवस आला. पाचव्या दिवशी त्याला कामावर मिळालेला खाकी सदरा धुऊन, घडी घालून कोंडाजीच्या ओसरीवर आला. आणणारा नसीरचा भाऊ होता. "त्याला दुकानात बसायचंय म्हंतोय," एवढंच बोलून गेला. कोंडाजी बाजारात जाऊन भेटला तर नसीर एका पोरीच्या हातात बांगड्या भरत होता. मान वर न करता म्हणाला, "नाईक, तुमच्यावर राग न्हाई. पर त्यो किराणावाला आता मला बघितलं की ओठाला बोट लावून बासरी वाजवतोय."

खात्याचा एक छापील कागद असायचा. टोळीतलं कुणी काम सोडलं तर नाव, गाव, सोडल्याची तारीख आणि शेवटी एक रकाना, सोडण्याचं कारण. कोंडाजीनं दौत उघडली आणि थांबला. खरं लिहायचं तर साहेबांचं नाव आलं असतं, आणि कागदावर सही साहेबांचीच व्हायची होती. त्यानं लिहिलं, 'औषधाचा वास सहन होत नाही.' शनिवारी जयसिंगरावांनी कागद वाचला, सही केली आणि म्हणाले, "वासाची सवय व्हायला लागते. यांना धीर नाही." कोंडाजी 'व्हय' म्हणाला.

त्याच शनिवारी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हंगाम संपल्यावर तालुक्यातून एका नाइकाला कायम करणार होते. बारमाही नोकरी, म्हातारपणी पेन्शन. "तुझं अक्षर चांगलं आहे, हिशेब चोख आहे. टोळी सांभाळून दाखव. मी तुझं नाव पाठवतो." कोंडाजी घरी येऊन बराच वेळ खाचराच्या बांधावर बसला. त्याच्यासारख्या तीन भावांतल्या मधल्याला मुळशीत कायम नोकरी मिळाल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं. रत्नाबाईला त्यानं लगेच सांगितलं नाही. सांगितलं की खरं होत नाही, अशी त्याला भीती होती.

मग महाळुंग्याची गोष्ट घडली.

महाळुंगं ही भैरूची सासुरवाडी. त्याची बायको बाळंतपणाला तिथंच होती. टोळी त्या गावात जाणार हे कोंडाजीला माहीत होतं, आणि भैरूला त्या दिवशी दुसऱ्या वाडीवर पाठवायचं त्याला सुचायला हवं होतं. सुचलं नाही. उलट सकाळपासून सगळे भैरूची चेष्टा करत होते. गेणबा म्हणत होता, "आज जावईबापू पंप मारत्याल आनि सासू आरती ओवाळंल."

झालंही थोडं तसंच. भैरूनं बादली उचलली तशी त्याची सासू साळूबाई आडवी आली. "ह्ये चालायचं न्हाई. जावयानं आमच्या घरात बादल्या उचलायच्या? गाव तोंडात शेण घालंल माझ्या. बसा तुमी." तिनं घोंगडी टाकली. सासऱ्यानं नवा टॉवेल खांद्यावर घातला, हातात नारळ दिला. पहिल्यांदा बाप झालेला जावई घरी आलाय, रीतच होती ती. भैरू लाजला आणि कोंडाजीकडं बघू लागला. कोंडाजी म्हणाला, "बस की घटकाभर. तुझं घर मी मारतो." त्यानं स्वतः नळी घेतली. काम कुठं अडलं नाही. उलट नाइकाचा हात असल्यानं चांगलंच झालं. फक्त गोठा राहिला होता.

तेवढ्यात जयसिंगरावांची सायकल अंगणात आली.

"हा कोण बसलाय?"

"आमचं जावई हायती," साळूबाई पदर सावरत म्हणाली. अजून तिच्या आवाजात कौतुक होतं.

"अंगात खाकी सदरा आहे त्याच्या."

"साहेब, मीच बसाया सांगितलं," कोंडाजी म्हणाला. एवढं तो म्हणाला, हे खरं आहे.

"तुझं नंतर बघू. ऊठ रे. यांना सांग, कामाच्या वेळात तू काय करत होतास?"

भैरू उठला. एका हातात बशी, दुसऱ्या हातात नारळ. दोन्ही कुठं ठेवावं ते त्याला कळेना. "बसलो व्हतो."

"बसून काय करत होतास?"

"च्या पीत व्हतो."

"आणि तुझं काम कोण करत होतं?"

"नाईक."

"एका वाक्यात सांग."

भैरूनं सांगितलं. आतल्या दारात त्याची बायको बाळ घेऊन उभी होती, ती मागं सरली. सासरा वळून बैलाच्या दाव्याची गाठ बघू लागला. गाठ सुटलेली नव्हती. साळूबाई एकदाच म्हणाली, "आवं साहेब, आमीच..."

"गोठा तू कर," जयसिंगराव म्हणाले.

भैरूनं नारळ ओसरीच्या कडेला ठेवला, टॉवेल काढून त्यावर ठेवला आणि गोठा केला. असा केला की कोंडाजीनं तसं काम पुन्हा पाहिलं नाही. एक पट्टा तुटला नाही, एक थेंब ओघळला नाही. जयसिंगरावांनी काठी लावली, बोट फिरवलं आणि मोकळेपणानं हसले. "बघ, येतंय की तुला. टोळीत तुझ्यासारखा हात कुणाचा नाही." ते मनापासून बोलत होते. कोंडाजीला ते तेव्हाही कळलं, आणि तो बादली विसळायला गेला.

दुसऱ्या दिवशी सदरा आला. रत्नाबाईनं तो नसीरच्या सदऱ्यावर ठेवला. "दुसरा," ती म्हणाली. कोंडाजीनं रकान्यात लिहिलं, 'घरगुती कारण.' भैरूचा हात चांगला होता, वास त्याला कधी लागला नव्हता. 'वास' लिहिलं असतं तर साहेबांना संशय आला असता. 'घरगुती' म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही, असा त्यानं विचार केला.

नवी माणसं घ्यावी लागली. इथून पुढचं गणित कुणाही मिस्त्रीला कळावं असं आहे. जुन्या जोड्या मोडल्या. नव्या माणसाचा हात बसायला पंधरा दिवस लागतात. हात बसला नाही की पट्टे सुटतात. पट्टे सुटले की अंगणात कबुली. कबुली झाली की सदरा. मग आणखी नवा माणूस. जयसिंगराव जितकं नेटानं काम सुधारायला बघत होते तितकं ते बिघडत होतं, आणि बिघडलं की ते आणखी नेट लावत होते. लावणीच्या वेळी भऱ्याचे दोघं भाऊ गेले. 'शेतीचं काम.' दुसऱ्या फेरीत नवे सहा जण आले आणि गेले. कुणाला सासूसमोर, कुणाला शाळेच्या मास्तरांसमोर, एकाला तर ज्या घरी मुलगी बघायला जायचं होतं त्या घरी उभं केलं होतं. 'वास.' 'तब्येत.' 'घरगुती.' 'वास.' कोंडाजीला आता कारणं सुचेनाशी झाली. एकाच आठवड्यात दोन 'वास' नकोत म्हणून तो मागचे कागद काढून बघायचा.

त्या दिवसांत कोंडाजीलाच ताप भरला. थंडी वाजून यायची, दातावर दात. तिसऱ्या दिवशी जयसिंगराव पौडाहून सायकल मारत भऱ्याला आले. खिशातून गोळ्या काढल्या, रत्नाबाईला किती नि कधी द्यायच्या ते दोनदा सांगितलं, कोंडाजीच्या कपाळावर हात ठेवला. पाणीसुद्धा न घेता गेले. ते गेल्यावर कोंडाजी म्हणाला, "बघ, माणूस वाईट न्हाई."

"मी कुटं म्हनते," रत्नाबाई म्हणाली. ती ओसरीवरच्या फळीकडं बघत होती. तिथं दहा सदरे झाले होते.

शेवटी गेणबा गेला. त्याला एकदाही कबुली द्यावी लागली नव्हती. त्याचं माप कधी चुकलंच नाही. तो स्वतः सदरा घेऊन आला, कोंडाजीजवळ बसला, तंबाखू मळली.

"तुमाला कुनी काय बोललं न्हाई, नाना," कोंडाजी म्हणाला.

"म्हनूनच जातोय. माझ्या वयाला आता हात कापाया लागलाय. एक दिस माप चुकंल. आनि त्या दिशी नेमकी माझी ल्येक जिथं दिलीय ते गाव आसंल." त्यानं तंबाखू दाढेला धरली. मग म्हणाला, "तू येकदा बोल की रं साहेबाशी. तुझं ऐकत्यात."

"बोलतो."

"त्या कागदावर काय लिवतोस आमच्या नावापुढं?"

"काय न्हाई. आसंच."

तो अकरावा. कोंडाजीनं 'वय' लिहिलं. सगळ्या रकान्यांत तेवढं एकच अर्धं खरं होतं. जयसिंगरावांशी मात्र तो बोलला नाही. त्याच आठवड्यात त्याचं नाव कायमसाठी वर गेलं होतं. साहेबांनी त्याला कागद दाखवला होता. 'प्रामाणिक व कष्टाळू' असं लिहिलेलं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं.

सप्टेंबरात पुण्याहून मोठे साहेब आले. पौडच्या चावडीत बसले. सगळ्या टोळ्यांचे कागद समोर. कोंडाजीच्या टोळीचे कागद त्यांनी बाजूला काढले आणि जयसिंगरावांना म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबता?" जयसिंगराव उठून गेले. दारही ओढून घेतलं.

एवढी संधी कुणाला मिळत नाही. कोंडाजीला पुढं कितीदा तरी ते ओढलेलं दार आठवलं.

मोठे साहेब आवाज न चढवता म्हणाले, "गेल्या साली तुमचा एकही माणूस गेला नाही. या साली अकरा. बसा, उभे राहू नका. काय झालं?"

"वास, साहेब."

"वास गेल्या साली नव्हता?"

बाहेर जयसिंगरावांच्या चपला ओसरीवर वाजत होत्या. इकडून तिकडं, तिकडून इकडं. त्याच्या डोळ्यांपुढं 'प्रामाणिक व कष्टाळू' हे शब्द आले, आणि त्यांच्या खालची सही.

"या सालची भुकटी जरा उग्र हाय, साहेब."

"दुसऱ्या टोळ्यांना तर तसं वाटलं नाही."

"आमच्याकडचे लोक नाजूक हायेत, साहेब. टिकत न्हाईत."

मोठ्या साहेबांनी अकरा कागद एकावर एक ठेवले. मग काहीतरी लिहून घेतलं आणि "जा" म्हणाले.

दिवाळीनंतर कागद आला. भुकटी तपासली होती, ती गेल्या सालचीच होती. स्थानिक मजूर टिकत नाहीत असं नाइकाच्याच जबाबावरून दिसत असल्यानं पुढल्या हंगामात बाहेरच्या तालुक्यातून टोळी आणायची. आणि ज्या नाइकाला माणसं सांभाळता येत नाहीत त्याला कायम करण्याचा प्रश्न येत नाही. जयसिंगरावांची बदली बढतीवर झाली. मजुरांची इतकी अडचण असूनही त्यांनी एकही गाव सोडलं नाही, म्हणून. ते निरोप घ्यायला आले तेव्हा त्यांनाच वाईट वाटत होतं. "मी तुझ्यासाठी लिहिलं होतं, कोंडाजी. पण वरचे आकडे बघतात."

पुढल्या वर्षी आसपासच्या कुणालाच फवारणीचं काम मिळालं नाही. भऱ्याच्या त्या दोघा भावांनी परत यायचं ठरवलं होतं. साहेब बदलला की येतो म्हणाले होते. नसीरसुद्धा म्हणाला होता.

भैरू बाजारात भेटला. कोंडाजी त्याला टाळून चालला होता, पण भैरूनंच हाक मारली. दोघं वडाखाली उभे राहिले.

"तुला आत घेऊन इचारलं म्हनं मोठ्या साहेबानं. येकट्याला."

"व्हय."

"काय सांगितलंस?"

कोंडाजीनं सांगितलं. खोटं बोलायचा आता उपयोग नव्हता.

भैरू रागावला नाही. तो पायानं एक दगड उकरत होता. "आनि माझ्या नावापुढं काय लिवलंस? कागदावर?"

"घरगुती कारन."

"म्हंजी?"

"म्हंजी घरातलं कायतरी. तसं लिवायची रीत हाय."

"माझ्या घरात काय झालं व्हतं रं?"

कोंडाजी वडाच्या पारंबीची साल सोलू लागला.

"पौडचा कारकून माझ्या सासऱ्याला इचारत व्हता, जावयाचं नि तुमच्या लेकीचं पटत न्हाई का म्हनून. मी म्हनलं, ह्ये कुटनं आलं. आता कळलं." भैरूनं पिशवी उचलली. "त्या दिशी अंगनात माझी लाज गेली ती त्या साहेबानं घालवली. ही तू घालवलीस." आणि तो भूगावच्या वाटेला लागला. दोघांचं बोलणं त्यानंतर लग्नकार्यातल्या 'राम राम'पलीकडं गेलं नाही.

कोंडाजी आता चाळिशीकडं आलाय. वाटणीत आलेलं खाचर करतो, उन्हाळ्यात रस्त्याच्या कामावर जातो. तिथल्या मुकादमानं त्याला दोनदा हजेरी लिहायला सांगितलं, अक्षर चांगलं म्हणून. त्यानं नाही म्हटलं. खडी वाहतो.

मागच्या वैशाखात तो पुण्याला निघाला होता. पौडच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होता. समोरून येणारी गाडी थांबली आणि खिडकीत जयसिंगराव दिसले. केस पिकलेले, चष्मा लागलेला. त्यांनी लगेच ओळखलं. खिडकीतून हात बाहेर काढून कोंडाजीचा हात धरला, घरचं विचारलं, मुलं किती झाली विचारलं. रत्नाबाईचं नावसुद्धा त्यांच्या लक्षात होतं. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तसे जयसिंगराव म्हणाले, "काय रे, तुमच्या लोकांना तो वास अजून येतो का?"

आणि हसले. गाडी पुढं गेली.

कोंडाजीनं ते हसू हजार वेळा आठवून बघितलंय. जुन्या माणसाशी जुन्या दिवसांबद्दल हसावं तसं ते होतं, असं त्याला कधी वाटतं. म्हणजे अकराच्या अकरा कारणं साहेबांनी खरी मानली होती. मग त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम ज्याचं होतं तो तर कागद भरत बसला होता. कधी वाटतं, तसं नव्हतं. दर शनिवारी वाचताना त्यांना सगळं कळत होतं. तरी त्यांनी सही केली, आणि इतक्या वर्षांनी चालत्या गाडीतून ते ऐकवलं. कुठलं खरं असलेलं आपल्याला बरं वाटेल, तेही त्याला ठरवता येत नाही.

रत्नाबाईला तो मधूनच विचारतो. भात झोडताना, बैल सोडताना, काही संबंध नसताना. ती आता हातातलं काम करत राहते. तरी तो विचारतोच, "माझं लिवलेलं त्यांला खरं वाटत व्हतं का गं?"